वाऱ्याचे वजन

पावसाळा तोंडावर आला की कोकणात आणि गोव्यात घराच्या पश्चिम अंगास झावळ्यांची झडी बांधण्याची लगबग सुरू होते. वारा कोणत्या दिशेने येणार, कोणत्या कोपऱ्यावर अधिक मारा करणार आणि कोणती गाठ आधी सुटणार, हे तेथील जाणत्या माणसास अनुभवाने ठाऊक असते. त्याला आकड्यांची गरज भासत नाही. कारण झडी उडालीच तर दुसरी बांधता येते. परंतु ज्याला नदीवर पूल बांधावयाचा आहे, धुराडे उभारावयाचे आहे, किंवा तापलेल्या तेलाचे नळ जमिनीपासून तीस-चाळीस फूट उंचीवरून न्यावयाचे आहेत, त्याला अशी दुसरी संधी मिळत नाही. त्याला वाऱ्याचे वजन आधीच मोजून ठेवावे लागते. हे वजन मोजावयास माणूस कसा शिकला, याचा इतिहास सुमारे तीनशे वर्षांचा आहे. आणि त्या इतिहासाची पुष्कळशी पाने अपघातांच्या चौकशीत लिहिली गेली आहेत.

या कथेचा आरंभ एका प्रार्थनामंदिरात होतो. लंडनमधील सेंट पॉलचे कॅथीड्रल नुकतेच बांधून पुरे होत आले होते. इ. स. १७१० मध्ये त्याच्या उंच घुमटाखालून काचेचे पोकळ गोळे खाली सोडण्यात आले आणि त्यांना जमिनीवर पोहोचावयास किती वेळ लागतो हे मोजले गेले. या प्रयोगांमागची जिज्ञासा सर आयझॅक न्यूटन यांची होती. पुढे १७१९ मध्ये देसाग्युलिए नावाच्या विद्वानाने तेथूनच, २७२ फूट उंचीवरून, शिशाचे गोळे आणि फुगवून वाळविलेली डुकरांची मूत्राशये सोडून पाहिली. शिसे झटकन खाली आले. मूत्राशये रेंगाळत उतरली. हवा पडत्या वस्तूस अडविते, आणि वेग दुप्पट झाला तर हा रोध चौपट होतो, तिप्पट झाला तर नऊपट होतो, हे न्यूटनचे सूत्र या प्रयोगांनी पुष्कळ अंशी खरे ठरविले.

परंतु वेगाचा वर्ग केला म्हणजे हिशेब संपत नाही. त्याच वाऱ्यात सपाट फळी धरली तर ती हातातून निसटू पाहते आणि तेवढ्याच रुंदीचा गोल वासा धरला तर तो सहज पेलतो. तेव्हा वेग, हवेचे घनत्व आणि अंगाची रुंदी यांच्या गुणाकारास आणखी एका अंकाने गुणावे लागते. हा अंक वस्तूच्या आकाराचा. शास्त्रीय भाषेत त्यास रोधगुणांक म्हणतात. दिसावयास तो लहान आहे; बहुधा अर्ध्याच्या आणि दोहोंच्या दरम्यान कोठेतरी असतो. पण पुढील सारी कथा या लहानशा अंकाची आहे.

इंग्लंडमधील इंजिनिअर जॉन स्मीटन यांनी १७५९ मध्ये पवनचक्क्या व पाणचक्क्या यांवरील आपला प्रसिद्ध निबंध रॉयल सोसायटीपुढे वाचला. त्यात राऊझ नावाच्या गृहस्थांकडून मिळालेले एक कोष्टक त्यांनी दिले होते. वाऱ्याचा वेग ताशी किती मैल, त्याचा दाब चौरस फुटास किती पौंड, आणि अशा वाऱ्यास लोकभाषेत काय म्हणतात, असे त्याचे तीन रकाने होते. ताशी १०० मैलांच्या, झाडे उपटणाऱ्या तुफानास त्यात चौरस फुटामागे सुमारे ४९ पौंड दाब लिहिला होता. कोष्टक सुटसुटीत होते आणि लिहिणारा नामांकित होता. त्यामुळे पुढील दीडशे वर्षे ते पुस्तकांतून पुस्तकांत उतरत गेले. ते वाऱ्यासमोर धरलेल्या सपाट पृष्ठासाठी केलेले आहे, आणि मूळ मोजणी कितपत अचूक होती हे कोणी पडताळून पाहिलेले नाही, या दोन गोष्टींकडे मात्र फारसे लक्ष गेले नाही.

कोष्टक हाती असूनही ते उघडून न पाहिल्याचा परिणाम काय होतो, हे स्कॉटलंडमध्ये १८७९ साली दिसून आले. डंडी शहराजवळ टे नदीच्या मुखावर सर टॉमस बाऊच यांनी सुमारे दोन मैल लांबीचा रेल्वेपूल बांधला होता. तो १८७८ च्या जूनमध्ये वाहतुकीस खुला झाला. पुढील वर्षी राणी व्हिक्टोरिया त्यावरून गेली आणि बाऊच यांस सर ही पदवी मिळाली. पुलाच्या मध्यभागी, जहाजांना खालून जाता यावे म्हणून, तेरा उंच गाळे होते. ते ज्या खांबांवर उभे होते ते बिडाचे पोकळ, गोल नळच होते. त्यांची जाडी पंधरा ते अठरा इंच असून आत सिमेंट भरलेले होते. असे सहा-सहा नळ लोखंडी पट्ट्यांनी एकमेकांस जखडून एकेक खांब उभा केला होता.

२८ डिसेंबर १८७९, रविवार. सायंकाळी नदीवर पश्चिमेकडून भयंकर वादळ उठले होते. सव्वासातच्या सुमारास एडिंबरोकडून येणारी उतारूंची गाडी पुलावर शिरली. केबिनमधील सिग्नलवाल्याने तिचे मागील दिवे दूर जाताना पाहिले. काही ठिणग्या दिसल्या, एक झोत चमकला आणि मग अंधार झाला. तेरा उंच गाळे, सहा डब्यांची गाडी आणि तिच्यातील प्रत्येक मनुष्य नदीच्या तळाशी गेले. एकही उतारू वाचला नाही. त्या काळी मृतांची संख्या ७५ धरली गेली. ज्यांची नावे निश्चित ठाऊक आहेत असे मृत ५९ आहेत. गाडी रविवारी धावली, विश्रामवाराचा भंग झाला, म्हणून देवाने ही शिक्षा केली, असे उपदेश त्या आठवड्यात काही स्कॉटिश व्यासपीठांवरून ऐकू आले.

चौकशी-मंडळाने मात्र कारण खिळ्या-पट्ट्यांत शोधले. रॉदरी, कर्नल यॉलंड आणि बार्लो हे तिघे तिचे सभासद होते. बिडाच्या नळांना पट्ट्या अडकविण्यासाठी ओतलेले कान ठिसूळ निघाले. ओतकामातील भोके मेण, राळ, काजळी व लोखंडाचा कीस यांच्या लगद्याने बुजवून रंगविली होती. पण सर्वांत मोठी गोष्ट बाऊच यांच्या साक्षीतून बाहेर आली: पुलाची रचना करताना वाऱ्याच्या भारासाठी त्यांनी स्वतंत्र अशी तरतूदच केली नव्हती. फ्रान्समधील इंजिनिअर त्या काळी चौरस फुटास ५५ पौंड आणि अमेरिकेतील ५० पौंड वाऱ्याचा दाब धरून चालत, हेही चौकशीत नमूद झाले.

येथे राजज्योतिषी सर जॉर्ज एअरी यांच्या एका पत्राची हकीकत ध्यानात घेण्यासारखी आहे. फोर्थ नदीवर बाऊच यांना एक अवाढव्य झुलता पूल बांधावयाचा होता. त्यासंबंधी १८७३ मध्ये एअरी यांनी असे मत दिले होते की, एखाद्या लहानशा जागी वाऱ्याचा झोत क्षणभर ४० पौंडांचा असू शकेल, परंतु एवढ्या मोठ्या पुलाच्या संपूर्ण विस्तारावर एकाच वेळी तो सरासरी १० पौंडांहून अधिक असणार नाही. हे मत सोळाशे फुटांच्या गाळ्यासंबंधी होते. टे नदीवरील उंच गाळे अवघे सव्वादोनशे ते अडीचशे फुटांचे होते. वाऱ्याचा एकच झोत असा गाळा टोकापासून टोकापर्यंत सहज व्यापू शकतो. तरीही चौकशीत बाऊच यांच्या बाजूने या पत्राचा आधार पुढे करण्यात आला. एका पुलासाठी सांगितलेला अंक दुसऱ्या पुलाच्या बचावास आणण्यात आला होता. अपघाताचा ठपका बाऊच यांच्यावर आला. त्यांच्या फोर्थवरील पुलाचे काम थांबविण्यात आले. आणि १८८० च्या ऑक्टोबरअखेर त्यांचा मृत्यू झाला. नदीतून बाहेर काढलेले ते इंजिन मात्र दुरुस्त होऊन पुढे कित्येक वर्षे धावत राहिले. रेल्वेतील माणसे त्यास पाणबुड्या म्हणत.

या अपघातानंतर ब्रिटिश सरकारने नेमलेल्या समितीने १८८१ मध्ये रेल्वेपुलांसाठी चौरस फुटास ५६ पौंड हा अंक ठरवून दिला. फोर्थ नदीवरील नवा पूल बेंजामिन बेकर आणि जॉन फाउलर यांच्याकडे आला तेव्हा त्यांना हाच अंक पाळावा लागला. टेच्या चौकशीत बेकर यांनी वाऱ्याचा दाब एवढा मोठा नसतो अशी साक्ष दिली होती. ते मत त्यांनी नुसते उराशी धरून ठेवले नाही. पुलाच्या जागी, इंचगार्वी नावाच्या खडकाळ बेटावर, त्यांनी दोन प्रकारच्या फळ्या उभ्या केल्या: एक प्रकार दीड चौरस फुटांचा, आणि एक प्रचंड फळी वीस फूट लांब व पंधरा फूट उंच. कित्येक वर्षे नोंदी होत राहिल्या. लहान फळीवर दर चौरस फुटास जो दाब पडे त्याहून मोठ्या फळीवरचा दाब कमी भरे. कारण वारा झोताझोतांनी येतो आणि मोठ्या पृष्ठावर सगळीकडे एकदम सारखा बसत नाही. एअरी यांच्या विचारात तथ्य होते, परंतु त्याची मर्यादा मोजूनच ठरवावयास हवी होती.

१८९० मध्ये खुल्या झालेल्या या फोर्थ पुलाकडे पाहिले तर त्याचे दाब सोसणारे मुख्य अवयव बारा फूट व्यासाचे पोलादी नळ आहेत. नळ दाबाखाली सहजासहजी वाकत नाही आणि त्याच्या गोल अंगावरून वारा निसटून जातो, असा दुहेरी लाभ त्यात आहे. जे गोल आहे त्यावर वाऱ्याचा भार कमी, एवढे त्या पिढीस कळून चुकले होते. किती कमी, हे मात्र अद्याप कोणास नेमके सांगता येत नव्हते.

ते सांगण्याची वेळ आणली ती विमानविद्येने. अमेरिकेतील राइट बंधूंचे १९०१ सालचे ग्लायडर हिशेबाप्रमाणे उचलेना, तेव्हा त्यांनी स्मीटनच्या कोष्टकावरच शंका घेतली. प्रत्यक्ष नोंदींवरून त्यांना दिसले की दीडशे वर्षे पूज्य मानलेला तो अंक जवळजवळ दीडपट फुगलेला आहे. मग आपल्या सायकलच्या दुकानात त्यांनी सहा फूट लांबीची लाकडी पेटी बनविली, तिच्या एका तोंडाशी पंखा लावला, आणि पंखांचे सुमारे दोनशे लहान नमुने त्या कृत्रिम वाऱ्यात तोलून पाहिले. फ्रान्समध्ये गुस्ताव्ह आयफेल तेच काम निराळ्या रीतीने करीत होते. पॅरिसचा मनोरा उभारणाऱ्या या गृहस्थाने मनोऱ्याच्या ११५ मीटर उंचीच्या मजल्यावरून तारेच्या आधाराने निरनिराळ्या आकारांच्या वस्तू खाली सोडून त्यांवरील हवेचा रोध मोजला. १९०९ मध्ये, वयाच्या सत्याहत्तराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, मनोऱ्याच्या पायथ्याशी त्यांनी वातबोगदा बांधला आणि १९१२ मध्ये तो ओतई येथे हलविला.

त्या वर्षी एक चमत्कारिक वाद उपस्थित झाला. गोल चेंडूचा रोधगुणांक आयफेल सांगत त्याच्या दुपटीहून अधिक जर्मनीतील गॉटिंगेनच्या प्रयोगशाळेत भरला होता. आयफेल यांच्या गणितात दोहोंनी गुणावयाचे राहून गेले असावे, अशी शंकाही तिकडे घेतली गेली. पण दोन्ही मोजण्या बरोबर होत्या. गॉटिंगेनचा वारा मंद होता. आयफेल यांचा वेगवान होता. विशिष्ट वेग ओलांडला की चेंडूचा गुणांक एकाएकी निम्म्याहून खाली कोसळतो, हे आयफेल यांनी दाखवून दिले. त्याचे कारण गॉटिंगेनच्याच लुडविग प्रांट्ल यांनी १९१४ मध्ये स्पष्ट केले. पृष्ठास चिकटून वाहणारा हवेचा पातळ थर संथ असेल तर तो चेंडूची पाठ लवकर सोडतो आणि मागे हवेची रुंद पोकळी राहते. तो थर खळबळलेला असेल तर पाठीला अधिक लांबपर्यंत बिलगून राहतो, पोकळी अरुंद होते आणि ओढ घटते. प्रांट्ल यांनी चेंडूभोवती एक बारीक तार गुंडाळली. त्या तारेने थर मुद्दाम खळबळविला आणि मंद वाऱ्यातही गुणांक उतरला. गोल्फच्या चेंडूवरील खळगे हेच कार्य करतात.

मग एक प्रश्न राहिला: हा बदल कोणत्या क्षणी होतो? त्याचे उत्तर मँचेस्टरच्या ऑसबोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ मध्येच, नळाच्या आतून वाहणाऱ्या पाण्यात रंगाची धार सोडून, सुचवून ठेवले होते. वेग आणि व्यास यांचा गुणाकार करून त्यास द्रवाच्या चिकटपणाने भागले की एक संख्या मिळते, आणि प्रवाह संथ की खळबळाटाचा हे त्या संख्येवर ठरते. नळाच्या आतील पाण्यासाठी शोधलेली ही संख्या नळाच्या बाहेरील वाऱ्यासही लागू पडली. गॉटिंगेनच्या वीझेल्सबर्गर यांनी केसाहून बारीक, ०.०५ मिलिमीटर व्यासाच्या तारेपासून ३०० मिलिमीटर व्यासाच्या दंडगोलापर्यंत नमुने वाऱ्यात धरले. १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आलेखात हे सारे एकाच वक्ररेषेवर येऊन बसले. फार मोठ्या वेगांवर ही रेषा पुन्हा चढते, हे अमेरिकेत अनातोल रॉश्को यांनी १९६१ मध्ये दाखविले. लहान वेगात गोल नळाचा गुणांक सुमारे १.२ असतो, संक्रमणाच्या वेळी तो ०.३ च्या आसपास उतरतो. आणि पुढे ०.६ ते ०.७ च्या घरात स्थिरावतो. नळ गंजून खरखरीत झाला तर तो याहूनही वर राहतो.

तेल शुद्ध करण्याच्या किंवा रसायनांच्या कारखान्यात नळांच्या ताणाचा हिशेब करणारा इंजिनिअर आज जो अंक कागदावर मांडतो तो या वाटेने आलेला आहे. भारतीय मानक संस्थेची वाऱ्याच्या भारासंबंधीची संहिता प्रथम १९५७ मध्ये आली आणि पुढे १९६४, १९८७ व २०१५ मध्ये सुधारली गेली. तीत मुंबईसाठी मूळ वेग सेकंदास ४४ मीटर आणि पुण्यासाठी ३९ मीटर धरलेला आहे. गोल अंगासाठी व्यास आणि वेग यांचा गुणाकार सहाहून कमी की अधिक, असे दोन भाग तीत पाडले आहेत. हे सहा म्हणजे आयफेल आणि प्रांट्ल यांच्या वादाची सीमारेषाच होय.

एक उदाहरण घेतले म्हणजे या अंकाचे मोल ध्यानात येईल. तीस सेंटिमीटर व्यासाच्या उघड्या नळावर सेकंदास ४४ मीटर वेगाचा वारा आडवा आदळला आणि गुणांक ०.७ धरला, तर नळाच्या दर मीटरास सुमारे २५ किलोग्रॅम वजनाएवढा आडवा रेटा बसतो. गुणांक १.२ धरला तर तोच ४३ किलोग्रॅम होतो. आता या नळावर उष्णता राखण्यासाठी दहा सेंटिमीटर जाडीचे वेष्टन चढविले. वेष्टन वजनाने हलके असते, म्हणून त्याकडे दुर्लक्ष होण्याचा संभव अधिक. परंतु वाऱ्यापुढे आता तीसऐवजी पन्नास सेंटिमीटर रुंदी उभी राहिली, आणि गुणांक न बदलताही रेटा ४१ किलोग्रॅमवर गेला.

एवढा रेटा आहे तर नळ घट्ट जखडून का टाकीत नाहीत, असे कोणी विचारील. अडचण अशी की, नळ तापतो आणि तापला की वाढतो. दहा मीटर पोलादी नळ शंभर अंशांनी तापला तर सुमारे बारा मिलिमीटर लांबतो. त्यास दोन्ही टोकांस करकचून आवळले तर ही वाढ पंपाच्या किंवा पात्राच्या तोंडावर प्रचंड जोराने आदळते आणि तेथे तडा जातो. मोकळा सोडला तर वारा त्यास आधारावरून ढकलतो. म्हणून नळ लांबीच्या दिशेने सरकू शकेल परंतु आडवा हलणार नाही, अशा खाचा आधारांवर योजतात. वारा हा सदैव नसणारा, प्रसंगाने येणारा भार; म्हणून कारखान्यातील नळांच्या अमेरिकन संहितेने त्या वेळेपुरता ताण नेहमीपेक्षा एक-तृतीयांशाने अधिक चालवून घेतला आहे. वादळ आणि भूकंप एकाच क्षणी येतील असे ती धरीत नाही. एवढी मोकळीक दिल्यावर मूळ अंक तरी खरा असला पाहिजे, हे उघड आहे.

तो अंक एकट्या वस्तूचा घेऊन चालत नाही, हा धडा इंग्लंडमध्ये १९६५ साली मिळाला. यॉर्कशायरमधील फेरीब्रिज येथील वीजकेंद्रात ३७५ फूट उंचीचे, काँक्रीटच्या पातळ कवचाचे आठ शीतन-मनोरे दोन रांगांत उभे होते. १ नोव्हेंबर रोजी वादळी वाऱ्यात त्यांपैकी तीन तासाभराच्या आत कोसळले. नवल असे की, वाऱ्याच्या तोंडावरील रांग उभी राहिली आणि तिच्या आडोशाचे मनोरे पडले. पुढील मनोऱ्यांच्या फटींतून वारा जोराने आणि भोवरे घेत मागील मनोऱ्यांवर गेला होता. रचनाकारांनी वातबोगद्यात तपासला होता तो एकटा मनोरा. आणि वेग धरला होता तो मिनिटभराच्या सरासरीचा, झोताचा नव्हे. सुदैवाने कोणी दगावले नाही. शेजाऱ्याचा आडोसा नेहमीच आडोसा असतो असे नाही, हे तेव्हापासून संहितांत शिरले. एकाच मांडवावरून शेजारी शेजारी धावणाऱ्या दहा-वीस नळांच्या बाबतीत ही गोष्ट विशेष जपावी लागते.

वाऱ्याचा याहून भीषण प्रकार म्हणजे स्फोटाचा वारा. त्याचे ज्ञान ज्या जागी मिळाले तेथे मापकयंत्रे मांडलेली नव्हती. ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमा आणि नागासाकी या शहरांवर अणुबाँब पडल्यानंतर तेथे गेलेल्या शास्त्रज्ञांत ब्रिटिश गणितज्ञ विल्यम पेनी हे होते. वाकलेले खांब आणि चेपलेले पत्र्याचे डबे पाहून व मोजून त्यांनी स्फोटाच्या बळाचा अंदाज बांधला. भिंती आणि छपरे भुईसपाट झाली असता काही बारीक खांब वाकून का होईना उभे होते. यातून जो भेद स्पष्ट झाला तो पुढे अमेरिकेत १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अण्वस्त्र-परिणामांवरील सरकारी ग्रंथात सविस्तर मांडला गेला. स्फोटाची लाट रुंद भिंतीवर आदळली की तिच्या पुढील आणि मागील बाजूंच्या दाबांत फार मोठी तफावत पडते. भिंत त्यानेच पडते. खांब किंवा नळ मात्र इतका अरुंद असतो की लाट त्यास क्षणात वेढून टाकते. तीस सेंटिमीटरच्या नळास ओलांडावयास तिला सेकंदाचा हजारावा भागही लागत नाही. चोहोबाजूंचा दाब समान झाला की उरतो तो लाटेमागून येणारा वारा, आणि पुन्हा तोच रोधगुणांक.

या वाऱ्याची एक गोष्ट मनुष्यास सहज फसविते. लाटेचा अधिक दाब वातावरणाच्या एक-दशांश असेल तर तिच्या वाऱ्याचा रेटा ताशी सुमारे ८५ किलोमीटरच्या वाऱ्याएवढा असतो. नळास तो सोसवतो. दाब तिप्पट झाला तर रेटा मात्र जवळजवळ नऊपट होतो, म्हणजे ताशी अडीचशे किलोमीटरच्या चक्रीवादळासारखा. शिवाय या वाऱ्याचा वेग ध्वनीच्या वेगाकडे सरकू लागला की गोल नळाचा गुणांकही पुन्हा चढू लागतो. साध्या वाऱ्यासाठी धरलेला ०.७ येथे डोळे मिटून वापरता येत नाही.

हे सारे युद्धापुरतेच राहिले असते तर बरे झाले असते. १ जून १९७४ रोजी, शनिवारी, इंग्लंडमधील फ्लिक्सबरो येथील रसायनांच्या कारखान्यात स्फोट होऊन २८ माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी १८ नियंत्रण-कक्षात होती. सहा पात्रांच्या मालिकेतील पाचव्यास तडा गेल्यामुळे ते काढून चौथ्यापासून सहाव्यापर्यंत वीस इंची वाकडा नळ तात्पुरता जोडला होता. त्याचे चित्र कार्यशाळेच्या फरशीवर खडूने काढले होते. आतील दाबाने तो नळ कोणत्या दिशेस वळू पाहील याचा हिशेब कोणी केला नव्हता. नळ परातीच्या खांबांवर नुसता टेकविलेला होता. नळ सुटला, ज्वालाग्राही वाफेचा ढग पसरला आणि पेटला. हा भार आतून आलेला होता, बाहेरच्या वाऱ्याचा नव्हता. परंतु एका नळाच्या निष्काळजीपणातून उठलेला स्फोटवारा इतर नळांवर, इमारतींवर आणि माणसांवर कसा धावतो, हे तेथे जगाने पाहिले.

६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातील पायपर आल्फा या तेलफलाटावर १६७ माणसे गेली. पहिल्या स्फोटाने आगीस अडविणाऱ्या भिंती फुटल्या, त्यांच्या तुकड्यांनी आणखी नळ फुटला, आणि एका आगीतून दुसरी आग पेटली. लॉर्ड कलन यांचा चौकशी-अहवाल १९९० मध्ये आला. त्यानंतर फलाटावरील नळांवर स्फोटवाऱ्याचा भार किती बसेल याचा हिशेब हा सुरक्षिततेच्या तपासणीचा भाग होऊन बसला. याच काळातील प्रयोगांतून आणखी एक गोष्ट पटली: दाटीवाटीने बसविलेले नळ स्फोटवाऱ्याचा मारा खातात एवढेच नव्हे, तर पेटत्या वायूस खळबळवून ज्वालेचा वेग वाढवितात. प्रांट्ल यांच्या चेंडूवरील तारेने जे केले तेच येथे नळांची गर्दी करते. तेथे त्या खळबळाटाने ओढ घटली होती. येथे त्यानेच स्फोट बळावतो.

टे नदीत आजही कमी भरतीच्या वेळी जुन्या पुलाच्या खांबांचे बुंधे पाण्याबाहेर दिसतात. त्यांच्या शेजारून १८८७ साली उभारलेला नवा पूल गेला आहे आणि त्यावरून गाड्या सुरक्षितपणे जातात. वडोदऱ्याजवळील कोयलीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात काय, किंवा मुंबईच्या समुद्रातील तेलफलाटावर काय, मैलोगणती नळ डोक्यावरून गेलेले दिसतात, आणि त्यांच्या खालून जाणारा कामगार मान वर करूनही पाहत नाही. त्याने पाहू नये अशीच अपेक्षा आहे. त्याच्या वतीने कोणीतरी कचेरीत बसून कोष्टकातील एक अंक निवडलेला असतो. तो अंक सपाट फळीचा की गोल नळाचा, उघड्याचा की वेष्टन घातलेल्याचा, एकट्याचा की गर्दीतल्याचा, मंद वाऱ्याचा की स्फोटाचा, एवढे प्रश्न निवडणाऱ्याने स्वतःस विचारले, तर खालून जाणाऱ्याची संध्याकाळ घरी जाते. बाऊच हे अडाणी नव्हते. राणीने गौरविलेले, अनुभवी इंजिनिअर होते. त्यांच्या हातून हा एक प्रश्न विचारावयाचा राहून गेला, आणि तो पुढे चौकशी-मंडळास विचारावा लागला.